सहीशिवाय स्क्रू नाही

मेश्राम भाऊजी आमच्या घरचा पंखा काढायला स्टुलावर चढले, तेव्हा आधी त्यांनी माझी सही घेतली. पंखा माझा, घर माझं, आणि हा माणूस वरून कागद खाली करून मला म्हणतो, "वहिनी, मेमोवर सही करा. सहीशिवाय स्क्रू नाही."

मी चौथी शिकलेली. सही करायला मला वेळ लागतो. तोवर ते स्टुलावर पाना धरून उभे, जणू खाली रूळ आहेत आणि मेल यायची आहे. सही झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहून कागदावर वेळ टाकली आणि मला स्विचबोर्डाजवळ उभं केलं. पंखा खाली येईपर्यंत बटणाला कोणाचा हात लागू द्यायचा नाही, असं सांगितलं. मी पाऊण तास उभी होते. तिकडे चुलीवर भाजी जळली. भाजीचा मेमो कोणी लिहिला नव्हता.

भाऊजी रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. त्या कामाचा नियम असा, की रुळावरचं काहीही उघडायचं असलं तर आधी स्टेशन मास्तरला लिहून द्यायचं: अमुक सिग्नल, इतके वाजून इतकी मिनिटं, मी उघडतो आहे, गाडी सोडू नका. मास्तरची सही झाली की मग पाना लावायचा. काम संपलं की दोघांनी मिळून तपासायचं, पुन्हा सही करायची, मग गाडी. छत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी हार घातला, शाल दिली आणि नियम परत घ्यायला विसरले.

आमचे हे त्यांच्याच वेळचे, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात. नोकऱ्या संपता संपता दोघांनी रायपुरात तेलीबांधा तलावाच्या मागे दारासमोर दार असे प्लॉट घेतले. आता हे नाहीत, आणि समोर भाऊजींची बायकोही नाही. इकडे मी, माझा मुलगा, सून सुनंदा आणि नात पिंकी. तिकडे भाऊजी, एक खाट आणि मेमोच्या फायली.

एकदा त्यांची दाढ दुखत होती. दातांच्या डॉक्टरने चिमटा उचलला, तर भाऊजींनी तोंड मिटून घेतलं आणि खिशातून कागद काढला. कोणती दाढ काढणार ते आधी लिहा म्हणाले. डॉक्टर हसला. पण कंपाउंडरसमोर हसत हसत लिहायला बसला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण चांगल्या दाढेला चिमटा लावत होतो. तेव्हापासून भाऊजींना समजावायची कोणाची टाप नाही. कोणी बोललंच तर ते फक्त गाल पुढे करतात.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "सिग्नल बिघडला तं लाल होते, हिरवा नाही होत." त्यांच्या मते यंत्र इमानदार असतं. बिघडलं की थांबतं आणि थांबून सांगतं की मी बिघडलो. माणूस बिघडला तरी हिरवा दिवा लावून फिरतो. हे ते कोणाच्याही घरी, पाहुण्यांसमोर, त्या घरच्या माणसाकडे पाहत बोलतात.

आता कॉम्प्युटरची गोष्ट.

रायपूर राजधानी झालं आणि सुनंदाची कचेरी वाढली. सगळ्यांनी कॉम्प्युटर शिका म्हणून हुकूम आला. तिने सरावासाठी घरीच एक आणला. बैठकीच्या खोलीत टेबलावर तो बसला, वर विणलेला रुमाल.

आमच्या समाजाचा उपवर मुला-मुलींचा परिचय मेळावा बुद्ध विहारात भरतो. त्याचे फॉर्म माझ्याकडे येतात, भिलाईपासून गोंदियापर्यंतचे. माझ्याकडेच का, तर पोरगा पीत असेल तर 'पितो' असं मी सरळ सांगते. त्यामुळे पोरींचे बाप माझ्यावर भरवसा ठेवतात. त्या वर्षी सुनंदा म्हणाली, आई, फॉर्म हातोहात फिरवण्यापेक्षा छापील पुस्तिका करू. रोज संध्याकाळी बसून तिने एकसष्ट फॉर्म टाइप केले. झालं म्हटल्यावर मी कागदांचा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकला. मला कोणी सांगितलं नव्हतं. घरात कागद साठलेला मला खपत नाही. फोटो तेवढे सोडवून बिस्किटांच्या डब्यात ठेवले, पण कोणता चेहरा कोणाचा हे त्यांच्या मागे लिहिलेलं नव्हतं.

मेळावा पुढच्या रविवारी. बुढापारा मोहल्ल्यातल्या छापखान्याने सोमवारी दुपारपर्यंत सगळं मागितलं होतं. शनिवारी सकाळी सुनंदाने बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. आणि आतून लांब शिट्टी आली. थांबली, पुन्हा आली.

सुनंदाने दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला मंगळवारी आणा, बहुतेक सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. ते ऐकून ती पांढरी पडली. मीही पडले असेन, मला दिसलं नाही. एकसष्ट घरांनी आपापली लेकरं माझ्या भरवशावर कागदावर लिहून दिली होती. त्यांना फोन करून सांगायचं काय, तर तुमच्या पोरीचा कागद मी रद्दीत घातला? त्यानंतर मेळाव्यात मला कोणी चहा तरी विचारला असता का?

पिंकी म्हणाली, "आजी, सामने वाले दादाजी को बुला लो ना."

मला बोलवायचं नव्हतं. एक तर दिवस जाणार हे ठाऊक होतं. दुसरं एक कारण होतं, ते पुढे सांगते. पण इलाज नव्हता.

भाऊजी आले. कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही. खुर्चीत बसून मेमो लिहिला: कॉम्प्युटर एक नग, ठिकाण बैठक, वेळ नऊ वाजून दहा मिनिटं. या घरचा स्टेशन मास्तर कोण, असं विचारलं. सुनंदाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी सही केली. मग दोरीवरची पिंकीची लाल ओढणी काढून त्यांनी स्विचबोर्डावर टांगली. पिंकी म्हणाली, "दादाजी, वो मेरी नई वाली है." ते म्हणाले, "मंग तं कोणी हात नाही लावणार."

त्यानंतर जबान्या. बंद पडायच्या आधी शेवटचं कोणी काय केलं, हे त्यांनी एकेकीला विचारलं. पिंकीने आदल्या दिवशी गाणी ऐकली होती. सुनंदाने त्याच्या आदल्या संध्याकाळी टाइप करून नीट बंद केला होता. मी काहीच केलं नाही म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं.

मग बाहेरून आत. आधी भिंतीतला प्लग, टेस्टर लावून. मग वायर. मग वायरचं दुसरं टोक. मग पडद्याची वायर, काढून, फुंकून, परत लावून. प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण. प्रत्येक खुणेनंतर पुन्हा माझ्याकडे वळून तोच प्रश्न, "वहिनी, तुमी काही केलं?" मी नाही म्हणायची.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"वहिनी, सिग्नल फेल झाला की पहिलं खोटं मशीन नाही बोलत."

मी म्हटलं, "डब्याले दोन थापा मारल्या. काल दुपारी. नुसता घरघर करून राहिला होता, झोपू देत नव्हता. आमचा रेडिओ थापेनंच सुधरायचा."

सुनंदा माझ्याकडे पाहतच राहिली. भाऊजींनी मात्र एवढंच विचारलं की थाप डावीकडून मारली की उजवीकडून. मी दाखवलं. त्यांनी तेही लिहिलं, उघड्या हाताने की मुठीने हेसुद्धा.

दुपारचा एक वाजला. मी भात-वरण आणि लाल भाजी केली होती. मेमो उघडा असताना जेवत नाही, असं भाऊजी म्हणाले. पाहुणा उपाशी म्हणून आम्हीही उपाशी. पिंकीने स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने खाल्लं, तिचा कोणत्याच मेमोवर विश्वास नाही.

मग ते डोळे मिटून शिट्टी ऐकत बसले. मला वाटलं डुलकी लागली. पण पूर्वी एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनला घंटीच्या ठोक्यांनी गाडीची खबर जायची, ते ऐकायची त्यांना सवय. लांब, थांब, लांब, थांब. "हा रडून नाही राहिला," ते म्हणाले, "हा सांगून राहिला. याचं पुस्तक कुठी आहे?" खोक्यासोबत आलेलं पुस्तक फुलदाणीखाली होतं. पिंकीने शोधून वाचलं. पुन:पुन्हा लांब शिट्टी म्हणजे आठवणीची पट्टी नीट बसलेली नाही. कॉम्प्युटरला आठवणीसाठी एक पट्टी असते, हे मला तेव्हा कळलं.

आता कुठे त्यांनी स्क्रू काढला. झाकण उघडलं तर आत काळी भुकटी, काजळासारखी. गावाबाहेरच्या उरला भागातल्या कारखान्यांची. माझा मुलगा तिथे रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातो. मी समजायची की ही धूळ त्याच्या कपड्यांतून येते, पण ती तर वाऱ्यानेच घरोघर पोचते. घरघर तिचीच होती. भाऊजींनी जुन्या दाढीच्या ब्रशाने सगळं झाडलं. आतून बोटभर रुंद हिरवी पट्टी काढली. तिच्या कडेला पिवळे दात होते, ते काळवंडले होते. त्यांनी पिंकीचं खोडरबर मागितलं आणि एकेक दात घासला, लहान लेकराचं नाक पुसावं तसा. पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंनी टक आवाज आला. माझ्या थापेने ती एका बाजूने उचलली गेली होती. बाकीचं काम धुळीने केलं.

लाल ओढणी काढली. सुनंदाने बटण दाबलं. एकच बारीक शिट्टी झाली आणि पडदा उजळला. सुनंदा खुर्चीतच रडायला लागली. मी ताटं घ्यायला उठले.

"कुठी चालल्या?" भाऊजी म्हणाले. "तपासणी बाकी आहे."

सुनंदा म्हणाली, काकाजी, फाइल उघडली, एकसष्टच्या एकसष्ट दिसून राहिले. त्यावर त्यांनी तिला बसवून सांगितलं की केबिनमध्ये हिरवा दिसला म्हणून रूळ जुळलाच असं नसतं. बाहेर जाऊन डोळ्यांनी पाहावं लागतं. एकेक उघडा, मोठ्याने वाचा, वहिनी खूण करतील, मग सही.

हेच ते दुसरं कारण. मला हेच नको होतं.

भाऊजींना एक मुलगी आहे. ज्योत्स्ना. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिने डोंगरगडच्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा आपल्याच समाजातला, पण पक्की नोकरी नाही, आणि मुख्य म्हणजे बापाला विचारलं नाही. ज्या माणसाने विचारल्याशिवाय कधी एक स्क्रू फिरवला नाही, त्याच्या घरातून पोरगी न विचारता गेली. त्यांनी तोंड बंद केलं. बायको मेली तेव्हा ज्योत्स्ना रेल्वे क्वार्टरमध्ये आली होती, बायकांत बसली, संध्याकाळी निघून गेली. बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी तिथेच होते.

त्रेचाळीस नंबरचा फॉर्म तिच्या पोरीचा होता.

दोन महिन्यांपूर्वी टपालाने आला होता. मी वाचला आणि गप्प बसले. मी सगळ्यांचं सगळं तोंडावर सांगते, पण हे सांगितलं नाही. ज्यांनी कधी विचारलं नाही त्यांना काय सांगायचं?

पिंकी वाचायला बसली. तिला मराठी वाचता येतं, पण अडखळत. भाऊजी प्रत्येकाला नावं ठेवत होते. एकाची उंची पाच फूट साडेसात इंच लिहिली होती, तर तो अर्धा इंच कोणी मोजला म्हणून विचारलं. एका पोराला सुशिक्षित, नोकरीवाली, गोरी, स्वयंपाकात निपुण आणि मोठ्या कुटुंबात रमणारी पाहिजे होती. "हा एका पोट्टीत पाच पोट्ट्या मागून राहिला," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून खूण करवून घेतली. पिंकी हसत होती. सुनंदाही हसायला लागली. मी नंबर मोजत होते.

चाळीस झाले तेव्हा मी म्हटलं, बाकीचे जेवून करू. भाऊजी म्हणाले, मेमो उघडा आहे. पिंकीने पुढचा उघडला, मग पुढचा. मग तो.

तिने वाचलं. मुलीचं नाव शिल्पा. शिक्षण बी.एस्सी., डी.एड. वडिलांचं नाव, डोंगरगडचा पत्ता. आईचं नाव ज्योत्स्ना. दोन भाऊ, शिकत आहेत. आणि शेवटी, "आजोळ, श्री. तुळशीराम मेश्राम, सिग्नल मेंटेनर, रेल्वे क्वार्टर, रायपूर."

पिंकी वळली. "दादाजी, ये तो आप हो."

 खुर्ची थोडी पुढे ओढून त्यांनी ते स्वतः वाचलं. एकदा वरून खाली, मग नुसती शेवटची ओळ.

"वहिनी, हे तुमाले माहीत होतं?"

"हव. दोन महिने झाले."

"काहून नाही सांगितलं?"

"तुमी इतक्या वर्षांत कधी विचारलं काय, की माझी पोरगी कशी आहे?"

सुनंदाने माझा हात दाबला. मी सोडवला. जे आहे ते आहे.

मी उठून बिस्किटांचा डबा आणला आणि एक फोटो काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. बाकीचे कोणाचे ते मला सांगता आलं नसतं. हा शोधावा लागला नाही, नाक सरळ आजीवर गेलं होतं. त्यांनी फोटो उचलला नाही. वाकून पाहिला. मागे हात बांधून, जसे ते कॉम्प्युटरच्या डब्यात वाकून पाहत होते तसेच.

मग सरळ झाले आणि म्हणाले, "हे चूक आहे."

सुनंदा घाबरली. तिला वाटलं आता माझं नाव काढून टाका म्हणतात. मलाही तेच वाटलं, आणि मी ठरवलं होतं की काढू द्यायचं नाही. फॉर्म पोरीचा आहे, तिने लिहिलं ते राहील.

"क्वार्टर सोडून आठ वर्षं झाली," ते म्हणाले. "पोराकडचे लोक चौकशीले गेले तं तिथं दुसराच माणूस भेटन. तो म्हणन, आमी नाही ओळखत. पोरीचं जमत आलेलं मोडन. पत्ता बदला."

पिंकीने बोटं कळांवर ठेवली. ते सांगू लागले. तेलीबांधा तलावाच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोरची गल्ली, डावीकडे तिसरं घर, निळं फाटक. मग म्हणाले, मेंटेनरच्या आधी निवृत्त लिही, खोटं नको. मग फोन नंबर दिला, दोनदा, आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतला. पिंकीने झालं का म्हणून विचारलं.

त्यांनी फोटोकडे पुन्हा वाकून पाहिलं.

"लिही, दुपारी घरीच असतात."

पिंकी म्हणाली, "दादाजी, बायोडाटा में ऐसा कोई नहीं लिखता."

"लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं. भाऊजींनी ते पडद्यावर बोट फिरवत वाचून घेतलं आणि मला खूण करायला सांगितली. मग खाली बसले. "पुढचा," ते म्हणाले. "चव्वेचाळीस." आणि खरंच एकसष्टपर्यंत तपासलं. पण नंतरच्या कोणाच्याही उंचीबद्दल ते बोलले नाहीत, आणि अपेक्षांनाही नावं ठेवली नाहीत. साडेचार वाजता आम्ही जेवलो. त्यांनी भात दोनदा घेतला.

पुस्तिका वेळेवर छापून आली. मेळाव्यात दोन-तीन बापांनी ती माझ्यासमोर धरली. साठ जणांच्या आजोळापुढे नुसतं नाव-गाव आहे आणि ह्या एकीच्या पुढे अख्खा पत्ता, फोन, वर दुपारी घरीच असतात, हे काय छापलं, म्हणाले. छापखान्याची चूक झाली काय?

मी म्हटलं, चूक नाही. तपासून छापलं आहे.